जपानी तक्त्यातली आपली मुळाक्षरं

जपानीच्या हिरागाना लिपीचा ४६ अक्षरांचा तक्ता मोठ्याने वाचून पाहा. पहिली ओळ: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरच्या कुठल्याही पहिलीतल्या पोराला ही चाल ओळखीची वाटेल. क, त, न, म, य, र, व आपापल्या जागी बसलेले! दोनच अक्षरं खटकतात: च हवा तिथे सा, आणि प हवा तिथे हा.

गंमत अशी, की हीच दोन अक्षरं खरा पुरावा आहेत. जपानीत 'का'ला दोन छोट्या रेघा दिल्या की 'गा' होतो, 'ता'चा 'दा' होतो. पण 'हा'चा होतो 'बा'. का बरं? कारण हा 'हा' फार पूर्वी 'पा' होता, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. 'सा'चा उच्चारही तेव्हा 'च'च्या जवळचा असावा. जुने उच्चार परत बसवले, की तक्ता सरळ आपल्या वर्णमालेच्या वाटेने चालतो.

ही वर्णमाला बौद्ध धर्माबरोबर जपानला गेली. बोधिसेन हा भारतीय भिक्षू ७३६ साली तिथे पोचला. ८०६ मध्ये कूकाई हा जपानी भिक्षू चीनहून परतला, तो संस्कृत मंत्रांच्या सिद्धम् लिपीतल्या पोथ्या घेऊन. मंत्र अचूक म्हणायचे तर ध्वनी कुठून निघतात ते शिकणं आलंच. त्या अभ्यासातूनच पुढे जपानी अक्षरांची ही मांडणी झाली.

शब्द पाठ करायला बसलं, की आणखी नवल. पुस्तकं बहुधा इंग्रजी अर्थ देतात. 'मुरा' म्हणजे व्हिलेज, 'कावा' म्हणजे रिव्हर. आता पिंपळनेरच्या पांझरा नदीकडे बोट दाखवून म्हणा, 'मुरा नो कावा'. इंग्रजीत सांगायचं तर 'रिव्हर ऑफ द व्हिलेज', सगळं उलटं. मराठीत 'गावची नदी'. आणि आपल्या खानदेशच्या अहिराणी बोलीत? 'गावनी नदी'! 'नो' आणि 'नी' यांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला याहून सोपं काय हवं? 'मिझु ओ नोमु' म्हणजे पाणी पितो: आधी पाणी, शेवटी पिणं, आपल्यासारखंच.

पावसाची तऱ्हा बघा. 'शितोशितो' म्हणजे रिमझिम, 'झाझा' म्हणजे धो-धो, ढगांचा 'गोरोगोरो' म्हणजे गडगडाट. छातीत 'दोकीदोकी' झालं, म्हणजे धडधडलं. रिमझिमीला इंग्रजीत 'ड्रिझल' म्हणता येतं, पण शब्दाची ही दुहेरी लय हरवते. आपल्याकडे शब्दाला शब्द तयार आहे.

जपानी शिकायला शहरच लागतं असंही नाही. २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने मुलांना परदेशी भाषा निवडायला सांगितली. यंत्रमानवांच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली. जपानीची जेएलपीटी परीक्षा पुण्यातही होते आणि तिची पहिली पायरी एन-५. त्या पायरीसाठी वही घालताना इंग्रजी अर्थाशेजारी एक रकाना अहिराणीचाही आखावा. भरताना कळेल, जपानीचे किती शब्द इंग्रजीचा वळसा न घेता थेट आपल्या बोलीत उतरतात.