मनगटावरची मधुमालती

मधुमालतीचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवशी लाल. ते पांढरं असताना, म्हणजे पहिल्या रात्री, लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना बोलावत असतं. त्याची नळी इतकी लांब की तळाच्या मधापर्यंत पोचणं बहुतेक इतरांना जमत नाही. अंधारात रंगाचा फारसा उपयोग नाही, म्हणून रात्री फुलणारी बरीचशी फुलं रंगावर खर्च न करता वासावर भर देतात. निशिगंध, जुई, मोगरा, अनंत, रातराणी ही सगळी त्याच पंथातली. या फुलांचा वास लांबवर जाण्यासाठीच घडलेला आहे. त्यांच्यावर बेतलेला परफ्यूम अंगावर वागवणं अवघड का जातं, याचं मूळ इथेच आहे.

गुच्ची या फॅशनघराचा ‘ब्लूम’ हा असाच एक परफ्यूम. तो बाजारात आला २०१७ साली. त्या वेळी अलेस्सांद्रो मिकेले या घराचे सर्जनप्रमुख होते आणि परफ्यूम रचला अल्बेर्तो मोरियास यांनी. यात तीन फुलांची नावं पुढे केली आहेत: जाईच्या कुळातल्या फुलाच्या कळ्या, निशिगंध आणि रंगून क्रीपर, म्हणजे आपली मधुमालती. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकांवरून लोंबणारी वेल एका इटालियन कुपीत जाऊन बसली, हे वाचल्यावर मला तो परफ्यूम नीट, सावकाश वापरून पाहावासा वाटला. पांढऱ्या फुलांच्या बाबतीत मराठी नाक फार कडक परीक्षक असतं, असं माझं मत आहे. ज्या बाईने लहानपणापासून डोक्यात गजरा माळला, हारातल्या निशिगंधाचा वास ओळखला आणि अनंताचं फूल पाण्यात ठेवलं, तिला खरं फूल कुठे संपतं आणि रसायन कुठे सुरू होतं ते लगेच कळतं.

दुकानात कागदी पट्टीवर फवारून दिलेला वास मी निर्णयासाठी धरत नाही. तिथली हवा थंड, कागद कोरडा, आणि आजूबाजूला आणखी वीस वास. पट्टीवर ‘ब्लूम’ हिरवट, स्वच्छ, जरा साबणासारखा वाटतो. मनगटावर मात्र तो वेगळा चालतो. अल्कोहोल उडून जाईपर्यंतची पहिली काही मिनिटं हिरवी असतात. देठ मोडल्यावर बोटांना येतो तो ओला वास. मग निशिगंध पुढे येतो आणि पुढचे दोन-तीन तास जागा सोडत नाही. तो मार्केट यार्डात सकाळी पोत्यातून ओतलेल्या सुट्या फुलांचा निशिगंध नाही. त्या ढिगाऱ्यात एक तुपकट गोडी असते आणि तिच्या खाली, नीट हुंगलं तर, दुखऱ्या गुडघ्यावर चोळायच्या मलमाचा वास. त्या मलमातलं मिथाइल सॅलिसिलेट निशिगंधात निसर्गतःच असतं. ‘ब्लूम’मध्ये मलमाची ती धार घासून गुळगुळीत केलेली आहे. शेवटी उरते ती पावडरसारखी मऊ, कस्तुरीच्या जातीची स्वच्छता, जी साडीच्या पदरावर दुसऱ्या दिवशीही असते.

मधुमालती? ती शोधावी लागते. रात्री वेलीखाली उभं राहून आणि लगेच मनगट नाकाशी नेऊन मी ताडून पाहिलं. वेलीच्या वासात पिकल्या फळाची एक आंबटगोड कड आहे, ती परफ्यूममध्ये फार पुसट आहे. पावडरचा जो मऊपणा शेवटी जाणवतो, तोच बहुधा तिचा वाटा. याबद्दल कुरकुर करण्याचं कारण नाही. कित्येक फुलं आपलं तेल देतच नाहीत. अनंताचा व्यापारी अर्क सहसा मिळत नाही; बाजारातला अनंताचा परफ्यूम बहुधा इतर घटकांतून जुळवलेला असतो. अशा फुलांसाठी उमलत्या फुलाभोवतीची हवा काचेच्या भांड्यात गोळा करतात, तिच्यातले घटक ओळखतात आणि मग तो वास नव्याने बांधतात. निशिगंधाचं तसं नाही. त्याचा अर्क निघतो, आणि कर्नाटक-तमिळनाडूतल्या शेतांतून तो जगभर जातो. पूर्वी फ्रान्सच्या ग्रास गावात काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुलं मांडून ठेवत, कारण निशिगंध आणि जाई खुडल्यानंतरही गंध सोडत राहतात. आता हेक्झेनसारख्या द्रावकाने आधी मेणासारखा गोळा काढतात आणि तो अल्कोहोलमध्ये धुऊन अर्क वेगळा करतात. किलोभर अर्कासाठी फुलं टनांनी लागतात, म्हणून सर्वसाधारण किमतीच्या परफ्यूममध्ये खरा अर्क थोडा आणि त्याच्याभोवती रचलेले घटक जास्त, हे साहजिक आहे.

आता मुख्य गोष्ट, इंडोलची. मोगरा, जाई, निशिगंध या सगळ्यांत हा रेणू असतो. शुद्ध इंडोल डांबरगोळीसारखा लागतो, दाट झाला तर थेट विष्ठेकडे झुकतो. अगदी थोडा असला की मात्र फुलाला अंग येतं, ऊब येते. वाटीत ठेवलेला मोगरा दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतो तेव्हा त्याचा वास जड, जरासा कुजकट, तरीही ओढून घेणारा होतो. देवघरात शिळ्या हाराजवळ जाणाऱ्याला हा वास ओळखीचा आहे. पांढऱ्या फुलांच्या परफ्यूमचं सगळं चारित्र्य या एका प्रश्नावर ठरतं: इंडोल किती ठेवायचा? जर्मेन सेलिए यांनी १९४८ साली रोबेर पिगे या घरासाठी ‘फ्राका’ रचला तेव्हा त्यांनी निशिगंधाला लगाम घातला नाही. तो परफ्यूम आजही लोण्यासारखा दाट आणि निर्भीड आहे. तो लावलेली बाई खोलीत आली की खोलीला ते कळतं. मोरियास यांनी उलट वाट धरली. ‘ब्लूम’मध्ये फूल कायम ताजं, कायम सकाळचं. शिळं होण्याची शक्यताच त्यातून काढून टाकलेली आहे.

माझा आक्षेप इथे आहे, आणि या परफ्यूमचं बळही इथेच आहे. फुलाचं आयुष्य उमलण्यापासून कोमेजण्यापर्यंत असतं. त्यातला शेवटचा अर्धा भाग कापला की वास सुंदर राहतो, पण सपाट होतो. तीन तासांनी ‘ब्लूम’ जे सांगतो तेच पाच तासांनी सांगतो. पण नोकरीच्या ठिकाणी, बसमध्ये, लिफ्टमध्ये लावून जायचा तो हाच. ‘फ्राका’ लावून दुपारी बारा वाजता मीटिंगला बसणं शेजारच्या माणसावर अन्याय आहे.

हवेचा यात मोठा हात असतो. एप्रिलच्या पुण्यात उन्हात चालून आल्यावर ‘ब्लूम’ची साबणासारखी बाजू तीक्ष्ण होते आणि डोकं धरतं, कारण तापलेल्या त्वचेवरून सगळं एकदम उडतं. मुंबईच्या दमट हवेत तो अंगाभोवती घट्ट बसतो आणि फवाऱ्यांची संख्या निम्म्यावर आणावी लागते. खरा फुलतो तो पावसाळ्यात: हवा ओली, गारवा थोडा, ढगांमुळे संध्याकाळ लवकर झालेली. जुलैच्या एका तिन्हीसांजेला सुती साडीवर मानेमागे एक फवारा मारून मी बाहेर पडले तेव्हा पहिल्यांदा त्यातली निशिगंधाची हिरवी कळी मला स्वतंत्र, स्पष्ट ऐकू आल्यासारखी जाणवली. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत मात्र तो कातडीला चिकटून बसतो, जवळ आलेल्यालाच कळतो. हेही वाईट नाही.

एक सवय मात्र सोडायला हवी, आणि ती बहुतेकींना असते. अर्ध्या तासात आपलं नाक त्या वासाला सरावतं, तो आपल्याला येईनासा होतो. मग वाटतं उडून गेला, आणि पुन्हा फवारा मारला जातो. समोरच्याला तो पहिल्याइतकाच येत असतो. आपल्या बायकांनी गजरा डोक्यामागे माळला, नाकासमोर नाही. तिथल्या वासाला नाक लवकर सरावत नाही आणि मान वळली की वास येतो. मनगटाऐवजी मानेच्या मागे लावलेला पांढऱ्या फुलांचा परफ्यूम म्हणूनच जास्त नीट वागतो.

रेशमावर तो फवारू नये. पैठणीवर तर मुळीच नको. अल्कोहोलचा डाग पडतो, आणि पांढऱ्या फुलांच्या परफ्यूममधले काही घटक काळाने पिवळे-तपकिरी होतात. कुपी खिडकीत ठेवली तर आतला रंगही गडद होत जातो. ती कपाटात, अंधारात ठेवावी.

विकत घ्यायचा असेल तर दुकानातून लगेच घेऊ नका. कातडीवर लावून घ्या, घरी जा, स्वयंपाक करा, संध्याकाळी पुन्हा हुंगा. मोगऱ्याच्या दिवसांत एक गजरा जवळ ठेवून दोन्हींचा वास घेतला तर आणखी चांगलं. ज्यांना शिळ्या मोगऱ्याची ती जड ओढ हवी आहे त्यांनी ‘ब्लूम’ घेऊ नये, त्यांचं समाधान होणार नाही. ज्यांना रोज वापरता येईल असा, कुणाला त्रास न देणारा, ओळखीच्या फुलांचा वास हवा आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. दिवसा एकच फवारा, तोही मानेमागे.