श्वास घेणारं बाळ आणि तीन वर्षांची पट्टी

तान्ह्या बाळाचा श्वास घरघरू लागला की घरात पहिलं निदान नानी किंवा दादी करते: कफ झालाय. मग छातीला तेल, बाम. पण पुष्कळदा तो कफ नसतोच. काही बाळांचा स्वरयंत्रावरचा भाग जन्मतः फार मऊ असतो. श्वास घेताना तो आत ओढला जातो आणि आवाज येतो. बाळ उताणं झोपलं किंवा रडलं की आवाज वाढतो. बहुतेक मुलं दीड-दोन वर्षांत आपोआप बरी होतात. दूध पिताना दम लागत असेल, वजन वाढत नसेल, तर तोंडावाटेच जास्तीचा मऊ भाग कापून काढतात. गळ्यावर चीर पडत नाही.

खुद्द श्वासनळी मऊ असेल तर मात्र काळजीचं. नळीला उघडी धरणारी कूर्चा कमजोर असली की श्वास सोडताना नळी मिटते. अशा वेळी काही मुलांची महाधमनी टाके घालून छातीच्या हाडाकडे ओढून घेतात. तिच्यामागच्या श्वासनळीला त्यामुळे मोकळी जागा मिळते.

अमेरिकेत ओहायोतलं एक बाळ दीड महिन्याचं असताना जेवणाच्या टेबलाशी निळं पडलं. डाव्या फुफ्फुसाकडे जाणारी नळी मिटत होती. गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटर लावला, तरी श्वास थांबतच राहिला. त्या आईवडिलांच्या रात्री कशा गेल्या असतील! मिशिगन विद्यापीठाचे डॉ. ग्लेन ग्रीन आणि अभियंते स्कॉट हॉलिस्टर यांनी सीटी स्कॅनवरून त्याच्या मापाची पट्टी थ्री-डी प्रिंटरवर बनवली. सरकारकडून तातडीची परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ती नळीभोवती बसवून नळी तिला टाक्यांनी बांधली. एकवीस दिवसांनी व्हेंटिलेटर पूर्णपणे सुटला.

पट्टी एका बाजूने उघडी ठेवली होती, म्हणजे नळी वाढली तर तिला अडचण नको. तिचा पदार्थ साधारण तीन वर्षांत शरीरात विरघळतो, तोवर मुलाची स्वतःची कूर्चा घट्ट व्हावी हा हिशेब. मला यातली ही गोष्ट सर्वांत आवडली.

आपल्या घरी बाळाचे ओठ निळे पडले किंवा श्वास मध्येच थांबला, तर बाम शोधत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. नुसताच आवाज येत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांसमोर बाळ नेमकं शांत झोपलेलं असतं.