अप्पासाहेब आणि तिजोरीची किल्ली

नालासोपारा-विरारमधील आपल्या कितीतरी घरांत मुलगा सकाळच्या लोकलने पेढीवर जातो, सून मुलांच्या शाळेमागे धावते आणि आतल्या खोलीत आजोबा दिवसभर एकटेच असतात. तिजोरीची किल्ली ज्या दिवशी मुलाच्या हाती दिली, त्या दिवसापासून त्यांना कोणी बाजारभावही विचारीत नाही.

अशा घरांनी वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ एकदा व्यापाऱ्याच्या नजरेने वाचावे. १९७० साली हे नाटक रंगभूमीवर आले, डॉ. श्रीराम लागू यांनी अप्पासाहेब बेलवलकर साकारले. १९७४ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मूळ प्रेरणा शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची, परंतु घर मात्र अस्सल मराठी मध्यमवर्गाचे.

रंगभूमीवरून निवृत्त होताना अप्पासाहेब सारी मिळकत मुलगा व मुलगी यांत वाटून टाकतात. प्रथम मुलाच्या घरी खटके उडतात आणि जिच्यात जीव गुंतला, ती नात ठमी दुरावते. मग मुलीच्या घरी तर त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये, असे आपल्या घरच्या वृद्ध स्त्रिया म्हणत, ते उगीच नव्हे.

मला मात्र ही केवळ हिशेबाची चूक वाटत नाही. ज्याने आयुष्यभर राजांच्या भूमिका केल्या, त्याला स्वतःच्या घरात एकही भूमिका उरली नाही. उधारी कोणास द्यावी, कोणाचा शब्द चालतो, ही पारख आपल्या आजोबांपाशी आजही आहे. ती आपण विचारून घेतो का?

अप्पासाहेबांच्या काळी नव्हती, अशी एक सोय आज आहे. ज्येष्ठांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ अन्वये, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. म्हणून बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहून घ्यावी. मुलांनी याचा राग मानू नये. भागीदारीचा करारही आपण सख्ख्या भावाशी लिहूनच करतो.

नाटकात अखेरीस मुले वडिलांना घरी न्यावयास येतात. तोवर त्यांना आसरा दिलेला असतो बूटपॉलिश करणाऱ्या राजा नावाच्या पोराने. मुलांचा पश्चात्ताप खरा असतो, पण अप्पासाहेबांपाशी आता वेळच उरलेला नसतो.