बाभळीच्या काट्याचं विज्ञान

आमच्या शाळेत प्रयोगांच्या सामानाचं एक कपाट होतं. त्याला कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. परीक्षानळी फुटली तर भरपाई कोणी करायची, या धास्तीपुढे आर्किमिडीजची काय कथा! म्हणून ‘होशंगाबाद विज्ञान’बद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा भावला तो बाभळीचा काटा. फूल उकलून पुंकेसर-स्त्रीकेसर वेगळे करायला तिथल्या मुलांच्या हातात तोच असे. मोडला तर बांधावरून दुसरा आणायचा.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचं हे काम सुरू झालं. वर्ग सहावी ते आठवी. सुरुवात केली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सोबतीला आले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ पासून ‘एकलव्य’ने तो सांभाळला.

‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरं नव्हती. काय करून पाहायचं ते होतं, आणि प्रश्न. चौघाचौघांनी प्रयोग करायचा, मग फळ्यावर सगळ्यांची निरीक्षणं मांडून भांडायचं. उन्हाळ्याच्या प्रशिक्षणात गुरुजींनाही हेच प्रयोग मुलांसारखे बसून करावे लागत. पण माझ्या मते खरी हिंमत परीक्षेत होती. पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहायचा, शिवाय प्रयोग करून दाखवायचा. घोकंपट्टीला जागाच उरली नाही. एरवी आपल्याकडे पुस्तक बदलतं, प्रश्नपत्रिका तीच राहते.

शंका राहिलीच तर मुलं ‘सवालीराम’ला पत्र टाकत. या नावाचं माणूस कोणी नव्हतं, पण उत्तर येई.

१९७८ मध्येच पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून अरविंद गुप्ता नावाचे अभियंते इथे आले. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं खेळण्यांतून विज्ञान शिकवलं.

होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. सरकारी शाळांत शिरला म्हणून तो वाढला होता. म्हणूनच एका आदेशात संपलाही.

गुप्तांचा काड्यांचा खेळ मात्र अजूनही करून पाहता येतो. व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्या, दोन्ही टोकांत काडी खुपसा. झालं कोपर. तिसरी काडी जोडायची तर ट्यूबला मधोमध काट्याने भोक पाडायचं. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चौथी घातली की चौकोन डुगडुगतो. का, ते तिथले गुरुजी लगेच सांगत नसत.