केडगावात हिब्रू शिकलेल्या बाई

कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी एका बाईचं, सारा मुलाली यांचं, नाव ३ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर झालं आणि त्याच दिवशी गॅफकॉन या परंपरावादी अँग्लिकन गटाने नापसंतीचं निवेदन काढलं. आपल्याकडच्या मंडळ्यांतही तेव्हापासून जुनी वचनं नव्याने काढली जात आहेत. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं, तेव्हाही हेच झालं होतं. एका बाजूने बाईने शिकवू नये म्हणणारं पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पत्र, दुसऱ्या बाजूने समानता. बातम्या खुर्चीवर थांबल्या. मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: पवित्र शास्त्राचा अर्थ सांगण्याइतका अभ्यास बाईला कोण करू देतं?

जबलपुरात गढ्याकडे किंवा नेपियर टाउनात आठवड्यातल्या एखाद्या दुपारी ख्रिस्ती घरात महिलांची सभा भरते. दाराशी चपलांचा ढीग, आत सतरंजी. बहुतेकींच्या मांडीवर हिंदी बायबल. माहेर नगरचं किंवा अमरावतीचं असलेल्या एखाद्या आजीच्या मांडीवर मराठी. गीत होतं, साक्षी होतात, उतारा वाचला जातो आणि त्यांच्यातलीच एक बाई तो उलगडून सांगते. रूथची गोष्ट सांगताना सून-सासू दोघींच्या बाजूने बोलते. हागारेला रानात पाठवलं त्या ठिकाणी थांबते, कारण समोर बसलेल्यांपैकी कुणाला तरी घराबाहेर काढलेलं असतं. रविवारी तीच बाई बाकावर बसून संदेश ऐकते. याच शहरात लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज १९२० च्या दशकापासून उभं आहे, तिथे मुलीही धर्मशास्त्र शिकतात. पण घरातल्या सभेतून त्या वर्गापर्यंत पोचणाऱ्या बाया फार थोड्या.

ही परंपरा बायबलइतकीच जुनी आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन मार्ग अधिक बारकाईने समजावून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला आहे. पुढे मिशनच्या काळात ‘बायबल बाई’ आली. ज्या माजघरात गोऱ्या पाद्रीसाहेबाला प्रवेश नव्हता तिथे ती पुस्तक घेऊन जायची, वाचून दाखवायची, वाचायला शिकवायची. मिशनच्या हिशेबात मात्र ती मदतनीस. तिचं काम शिकवण्याचंच होतं, अधिकार तेवढा दुसऱ्याकडे होता.

हा अधिकार कुणाकडे न मागता ज्यांनी कमावला त्या पंडिता रमाबाई, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना मी तटस्थ राहू शकत नाही. शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई आपल्याला ठाऊक आहेत. विधवांसाठीचं शारदा सदन, धर्मांतरावरून पुण्यात उठलेलं वादळ, सगळं ठाऊक आहे. त्यांच्या शेवटच्या अठरा-वीस वर्षांतलं काम मात्र आपण बाजूला ठेवलं.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण विचार कुणाच्या हवाली केला नाही. ज्या सिस्टर जेराल्डाइन त्यांना शिकवत होत्या त्यांच्याशीच त्रैक्यावर, चर्चच्या मतांगीकारांवर पत्रांमागून पत्रं लिहून वाद घातला. मी शास्त्र वाचेन आणि माझ्या सदसद्विवेकाला पटेल ते मानेन, हा त्यांचा पवित्रा. रमाबाई पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्या मनात होतं की रमाबाईंनी तरुण मुलग्यांनाही शिकवावं. अँग्लिकन बिशपांनी त्याला विरोध केला. हिंदुस्थानात याचा वाईट परिणाम होईल म्हणाले. रमाबाई संतापल्या. आपल्या वडिलांनी किंवा नवऱ्याने ज्याला कधी हरकत घेतली नाही, त्याला इंग्रज धर्माधिकारी कशी घेतात, असं त्यांनी सरळ विचारलं. आईकडून संस्कृत शिकलेली, कलकत्त्याच्या पंडितांसमोर पुराणं सांगितलेली बाई होती ती. हिंदुस्थानातली रीत बिशप तिला शिकवत होते!

१८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूर, दमोह, मंडला हा पट्टा होरपळला. आई-वडील आधीच्या एका दुष्काळात गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन गेल्या. पुण्याजवळच्या केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन प्रथम भरलं ते या मुलींनी. त्या आपापल्या बोलीतली हिंदी बोलत, अक्षरओळख नव्हती. त्यांना अन्न, वस्त्र, विणकाम, शेती सगळं मिळालं. वाचनही मिळालं, आणि वाचनाचं मुख्य पुस्तक बायबल. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट केले, मग त्या गटांतल्या मुली आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. त्या वर्षी मुक्तीत झालेल्या आध्यात्मिक जागृतीवर तिथल्या मिशनरी मिनी अब्रम्स यांनी १९०६ मध्ये पुस्तिका लिहिली आणि ती चिलीत वालपारायसोला आपल्या शिक्षणकाळातल्या मैत्रिणीला, मे हूवरला, धाडली. १९०९ मध्ये चिलीत उठलेल्या पेन्टेकोस्टल चळवळीच्या मुळाशी ती पुस्तिका आहे. तिथल्या मंडळ्यांच्या इतिहासात केडगावचं नाव येतं, आपल्या इतिहासात चिलीचं येत नाही.

आणि याच गर्दीत, हजारावर माणसांचं स्वयंपाकघर चालवताना, पन्नाशीच्या उंबरठ्यावर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. इंग्रजीवरून मराठी करणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी मुळाकडे जायचं ठरवलं. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका-मुलीच होत्या. देवनागरीची एकेक काना-मात्रा वेगळी उचलून जुळवायची, ठसा काढायचा, बाईंकडे तपासायला पाठवायचा, चुका काढून पुन्हा जुळवायचं. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं.

मुळावरून एकटीने संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी जगातली पहिली बाई, असं त्यांच्याबद्दल उत्साहाने लिहिलं जातं. ते खरं नाही: अमेरिकेतल्या कनेटिकटच्या ज्युलिया स्मिथ यांचं भाषांतर १८७६ मध्येच छापलं गेलं होतं. रमाबाईंचं मोठेपण या चुकीच्या बिरुदावर अवलंबून नाही. त्यांचं भाषांतर मुळाला फार घट्ट धरून आहे, त्यामुळे वाचताना जागोजागी अडखळायला होतं. उपासनेत ते रुळलं नाही, मंडळ्या बायबल सोसायटीच्याच प्रतीवर राहिल्या. माझ्या मते ते घरातल्या अभ्यासासाठी ठेवायला हवं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांनी वेगळ्या वाटेने हेच केलं. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी ‘ख्रिस्तायना’चे दहाएक अध्याय लिहून ठेवले होते, १९१९ मध्ये ते गेल्यावर शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने साठाहून जास्त अध्याय रचून ख्रिस्तचरित्र पुरं केलं.

म्हणून आर्चबिशपपदाच्या वादात गुंतलेल्या मराठी मंडळ्यांना एक विनंती. वार्षिक सभेत हिशेब वाचला जाईल तेव्हा उभं राहून विचारा: इमारतीच्या रंगाला किती ठेवले, आणि आपल्यातल्या एखाद्या मुलीला हिब्रू-ग्रीक शिकायला पाठवायला किती? तो आकडा शून्य असेल तर याच सभेत बदलून घ्या. आणि घरातल्या सभेत वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईला एका रविवारी संदेश द्यायला बोलवा.