सॉफ्टवेअर गेलं, सर्व्हिस राहिली

हिरकणीवाडीतून रोपवेने चार-पाच मिनिटांत रायगडावर पोचता येतं. पीएम-किसानची केवायसी मात्र सेवा केंद्रात तासभर अडू शकते. ठशाचं यंत्र नवंकोरं असतं, वायर घट्ट असते, तरी पडद्यावर ‘यंत्र जोडलेलं नाही’. अंगठा पुसून पुन्हा टेकवणारे आजोबा म्हणतात, भातलावणीने रेषाच झिजल्यात. झिजतातही. पण ठसा घ्यायच्या आधीच गाडी अडली असेल, तर रेषांचा काय दोष?

ठसा घेणाऱ्या यंत्रासोबत संगणकात ‘आरडी सर्व्हिस’ बसवावी लागते. तिची खिडकी उघडत नाही, ती मागे गुपचूप चालते. आधार प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ती संगणकाच्या आतच 11100 ते 11120 यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारावर, बसते आणि वेबसाइट तिला तिथे शोधते. आता जुनी ‘एल-झिरो’ यंत्रं जाऊन ‘एल-वन’ आली. यांत ठसा यंत्राच्या आतच कूटबद्ध होतो. जुनं यंत्र कपाटात गेलं, सॉफ्टवेअरही काढलं. पण त्याची सर्व्हिस उरली असेल, तर 11100 तिनेच अडवलेला. नवी 11101 वर जाते, आणि पहिल्याच उत्तरावर थांबणारी वेबसाइट जुन्या यंत्राची वाट बघत राहते.

ती उरते कशी? ‘अनइन्स्टॉल’ दाबल्यावर विंडोज स्वतः बहुधा काहीच झाडत नाही. कंपनीनेच दिलेला काढणारा प्रोग्रॅम ते फक्त चालवतं. पाहुण्यानेच खोली आवरून जायची, अशी ही पद्धत. सर्व्हिसची नोंद रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीत वेगळी असते. आधी सर्व्हिस थांबवली नाही, तर चालू फाइल पुसताच येत नाही. शिवाय ‘ऑटोमॅटिक’ सर्व्हिस पासवर्ड टाकायच्याही आधी उठते. पावसाळ्यात लाइट जितक्या वेळा जाईल-येईल, तितक्या वेळा.

हे निव्वळ गावाकडचं दुखणं नाही. 2019 मध्ये मॅकवरून झूम काढलं, तरी त्याचा छोटा सर्व्हर मागे राहत असल्याचं उघड झालं. तो झूम परस्पर पुन्हा बसवू शकत होता. शेवटी अॅपलनेच अपडेट पाठवून तो काढला.

सर्व्हिसची नुसती नोंद उरली आणि फाइल गेली, तर एरवी फारसं बिघडत नाही. सुरू होताना एक चूक नोंदली जाते, इतकंच. मात्र त्या फाइलचं फोल्डर कुणालाही लिहिण्यासाठी उघडं असेल, तर त्याच नावाची घातक फाइल तिथे ठेवता येते. बऱ्याच सर्व्हिस ‘लोकल सिस्टिम’ या सर्वाधिकारी खात्यावर चालतात. मग ती फाइलही त्याच अधिकाराने चालते.

सफाईसाठी मायक्रोसॉफ्टचं ‘ऑटोरन्स’ मोफत मिळतं. फाइल हरवलेल्या नोंदी ते पिवळ्या दाखवतं. जाहिरातीतल्या ‘क्लीनर’वर माझा विश्वास नाही. त्यातले काही स्वतःचीच एक सर्व्हिस मागे बसवतात! सर्व्हिसच्या यादीत संशयित नावावर दोनदा क्लिक करून फाइलचा पत्ता वाचा. मग ती थांबवून ‘डिसेबल्ड’ करा आणि आठवडाभर कामं नीट होतात का बघा. त्यानंतरच सर्व्हिसची नोंद पुसणारा ‘एससी डिलीट’. हा आदेश कमांड प्रॉम्प्टमध्येच द्यावा, तोही प्रशासक म्हणून. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ‘एससी’चा अर्थ निराळा, तिथे सर्व्हिस जाणार नाही, उलट ‘डिलीट’ नावाची एक फाइल तयार होईल. आणि ‘काढण्यासाठी खूण केली आहे’ असा संदेश आला, तर आधी सर्व्हिसच्या यादीची खिडकी बंद करा. पुष्कळदा तिनेच ती नोंद धरून ठेवलेली असते.