एक आकडा, दोन वाटा

बास्केटबॉलच्या खेळात चेंडू ज्या कड्यातून पार करावयाचा, ते कडे जमिनीपासून १० फूट उंच असते. तेव्हा उंच मुलगाच या खेळात पुढे जाणार, असे कोणासही वाटेल. परंतु कोण किती पुढे जाईल, हे आरंभीच सांगणे सोपे नसते. अमेरिकेतील व्यावसायिक संघांत नावारूपास आलेल्या दोन तरुणांची वाढ ताडून पाहिली, म्हणजे हे ध्यानात येते.

पहिला स्टेफन करी. त्याचा जन्म १९८८ सालचा. वडील स्वतः व्यावसायिक खेळाडू. त्यामुळे खेळाचे शिक्षण घरीच मिळाले. परंतु मुलगा अंगाने लहानखुरा होता. तो चेंडू कमरेजवळून फेकी व उंच प्रतिस्पर्धी तो सहज अडवीत. शाळेत असताना एका उन्हाळ्यात वडिलांनी त्याची ही सवय मोडली व चेंडू डोक्यावरून फेकावयास शिकविले. पूर्वी सहज साधणारा नेमही आता साधेना. तो उन्हाळा त्याला फार जड गेला. पुढे एका लहान महाविद्यालयाकडून खेळून २००९ साली तो गोल्डन स्टेट संघात आला.

दुसरा यानिस आदेतोकुंबो. त्याचा जन्म १९९४ साली ग्रीसमधील अथेन्स येथे झाला. आईबाप नायजेरियातून आलेले, घरी गरिबी. भावांबरोबर तो रस्त्यावर घड्याळे व चष्मे विकी. तुमच्याएवढा होईपर्यंत त्याने हा खेळ फारसा खेळलाही नव्हता. उंची व लांब हात होते, पण शरीर किडकिडीत होते. २०१३ साली, अठराव्या वर्षी, मिलवॉकी संघाने त्याला निवडले.

आता दोघांचे दर सामन्यातील सरासरी गुण पाहा. करीचे पहिल्या चार हंगामांतील गुण १७.५, १८.६, १४.७ आणि २२.९, यानिसचे ६.८, १२.७, १६.९ आणि २२.९. पहिल्या वर्षी कोणीही यानिसला मागासलेला म्हटले असते. तिसऱ्या वर्षी करीचा घोटा दुखावला. त्याला अवघे २६ सामने खेळता आले. तेव्हा तो संपला, असेही कोणी म्हटले असते. चौथ्या वर्षी मात्र दोघे एकाच आकड्यावर आले!

आकडा एक, पण वाटा निराळ्या. करीने त्या हंगामात दुरून फेकून तीन गुण मिळविण्याची करामत २७२ वेळा साधली. तो तेव्हाचा विक्रम होता. यानिसने व्यायामाने शरीर कमावले व लांब ढांगा टाकीत थेट कड्यापर्यंत मुसंडी मारण्याची हातोटी मिळविली.

तरीही यानिसमध्ये एक उणीव राहिली. कोणी अडवीत नसताना उभे राहून करावयाच्या मुक्त फेकीत तो चुके. २०२१ च्या अंतिम फेरीपूर्वीच्या सामन्यांत अशा १० फेकींपैकी ६ देखील साधत नसत. विरोधी प्रेक्षक सेकंद मोठ्याने मोजून त्याला हिणवीत. परंतु निर्णायक सामन्यात त्याने १९ पैकी १७ फेकी साधल्या, ५० गुण मिळविले आणि संघ अजिंक्य ठरला.

दोघांनीही पुढे वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान दोनदा मिळविला : करीने २०१५ व २०१६ साली, यानिसने २०१९ व २०२० साली. एकाला जुनी सवय मोडावी लागली, दुसऱ्याला सारेच नव्याने शिकावे लागले. म्हणून कोणाची वाढ पाहताना केवळ पहिल्या वर्षाचे गुण पाहू नयेत; तो कोठून निघाला आणि आपल्या उणिवेचे त्याने काय केले, हेही पाहावे.